अमेरिकेत गाडीची काच तडकली तर : फोन नंतर, दुकान आधी

आमचा अमेरिकेतला पहिला हिवाळा होता. हार्टफर्डहून आय-९१ ने घरी येताना पुढच्या ट्रकमधून रस्त्यावर टाकायची वाळू सांडत होती. एक खडा उडाला, टक्कन आवाज झाला आणि पुढच्या काचेला उजवीकडे तुरीच्या दाण्याएवढा टवका उडाला. घरी येऊन नवऱ्याला दाखवला. "बघू शनिवारी," असं दोघांनीही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर उणे दहा, काचेवर बर्फाचा थर. मी डीफ्रॉस्टर पूर्ण जोरात सोडला आणि डोळ्यांदेखत त्या टवक्यातून तडा निघाला तो थेट काचेच्या मध्यापर्यंत गेला.

इन्शुरन्स कार्डावरचा नंबर फिरवला. फोन उचलणाऱ्या बाईने आमच्या इन्शुरन्स कंपनीचं नाव घेऊन स्वागत केलं, पॉलिसी नंबर विचारला, माझी आपुलकीने चौकशी केली आणि पाच मिनिटांत परवाची वेळ देऊन टाकली. नव्या देशात एखादं काम इतकं सरळ होतंय याचं मला फार बरं वाटलं. काच बसली. त्यानंतर साठच्या वेगाला काचेच्या कडेतून शिट्टी वाजायला लागली, डॅशबोर्डवर लेन असिस्टचा (काचेमागच्या कॅमेऱ्याने गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटून राहिला आणि मी आणखी दोन वेळा ऑफिस बुडवून त्याच दुकानात गेले.

मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात हे सांगितलं तेव्हा एका काकांनी विचारलं, "अगं, पण दुकान कुठलं निवडलंस?" काकांनी हार्टफर्डच्या इन्शुरन्स कंपन्यांमध्ये क्लेमच्या सिस्टिमवर वीस वर्षं काम केलेलं.

"निवडलं नाही काका. इन्शुरन्सवाल्यांनी पाठवलं."

"इन्शुरन्सवाल्यांनी नाही गं. दुकानवाल्यानेच दुकानवाल्याकडे पाठवलं."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरेच दिवस लागले. तीन वर्षांनी पुन्हा काच गेली, तेव्हा तो उपयोगी पडला. नुकतंच इथे आलेल्या, पहिली गाडी घेतलेल्या मराठी मंडळींसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी कनेटिकटमध्ये राहते आणि इन्शुरन्सचे नियम इथे राज्याराज्यांत बदलतात, म्हणून कुठली गोष्ट कुठल्या राज्याची आहे ते जागोजागी सांगेन.

१. फोनवर नेमकं कोण असतं ते आधी समजून घ्या

इथल्या बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या काचेचे क्लेम स्वतः हाताळत नाहीत. हे क्लेम संख्येने भरपूर आणि रकमेने लहान, म्हणून ते काम बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं. तिला थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. तुम्ही इन्शुरन्सचा नंबर लावून काचेचा पर्याय निवडलात की फोन तिकडे जातो. तिथला माणूस तुमच्या इन्शुरन्स कंपनीच्या नावाने बोलतो, कव्हरेज तपासतो, दुकानासाठी रेफरल नंबर (त्या कामाच्या मंजुरीचा क्रमांक) काढतो आणि काम झाल्यावर दुकानाचं बिलही त्यांच्याचकडे जातं.

इथवर काहीच वावगं नाही. गुंता होतो तो या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं स्वतःचं काचेचं दुकान असेल तेव्हा. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे सेफलाइट. मुख्यालय ओहायोतल्या कोलंबसला. २००७ पासून ती बेलरॉन या आंतरराष्ट्रीय समूहाच्या मालकीची आहे. युरोपात राहिलेल्यांना याच समूहाचं कारग्लास हे नाव ओळखीचं असेल. सेफलाइटची एक बाजू गाड्यांच्या काचा बसवते आणि दुसरी बाजू, सेफलाइट सोल्यूशन्स, अनेक इन्शुरन्स कंपन्यांचे काचेचे क्लेम सांभाळते. हे उघड आहे, कंपनी ते लपवत नाही आणि ते बेकायदाही नाही. पण काच कुठे बसवू हा प्रश्न तुम्ही ज्याला विचारता, त्याच्या घरचंच काचेचं दुकान असेल तर त्याचा सल्ला तटस्थ राहणं कठीण. यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. आपल्या प्रश्नाचं एक उत्तर त्याच्या मालकाला पैसे मिळवून देतं आणि दुसरं देत नाही, एवढंच.

स्वतंत्र दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर हा गुंता आणखी स्पष्ट दिसतो. त्याने तुमचं काम केलं तर बिल पाठवायचं ते त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या भावंड कंपनीकडे. त्याचे दर, त्याची गिऱ्हाइकं, कुठल्या महिन्यात किती कामं झाली, हे सगळं तिकडे कळतं. माझी दुसरी काच ज्यांनी बसवली ते बाप-लेक चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. दुकानात सहज बोलताना वडील म्हणाले की काच बसवण्यापेक्षा तिचं बिल मंजूर करून घेण्याचंच काम जड झालंय.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एका फोनवर काम होतं, इन्शुरन्स कंपनीला ठरलेला दर मिळतो, देशभर कुठेही वॉरंटी चालते, आणि अशा मोठ्या साखळी दुकानांच्या कामावर खूश असलेले कितीतरी लोक माझ्या ओळखीत आहेत. तुम्हीही माहिती घेऊन, विचार करून तेच दुकान निवडलंत तर त्यात काही चूक नाही. न निवडताच तिथे पोचलात, तर मात्र चूक आहे.

कनेटिकटमध्ये या मुद्द्यावर कायदाही झाला आणि कोर्टबाजीही. इथल्या कायद्याप्रमाणे काचेच्या क्लेमचा फोन घेणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं लागतं की तुमच्या पसंतीचं परवानाधारक काचेचं दुकान निवडायचा हक्क तुम्हाला आहे, पसंती असेल तर सांगा. २०१३ मध्ये विधिमंडळाने एक पाऊल पुढे टाकलं : क्लेम हाताळणाऱ्या कंपनीने स्वतःच्या दुकानाचं नाव सुचवलं, तर त्या भागातल्या आणखी एका तरी दुकानाचं नाव सांगायलाच हवं. सेफलाइट कोर्टात गेली. प्रतिस्पर्ध्याची जाहिरात आमच्या तोंडून करायला लावणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असं तिचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे कनेटिकट ज्यात येतं त्या विभागाच्या, फेडरल अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. निवडीच्या हक्काचं वाक्य कायद्यात तसंच राहिलं.

म्हणजे आज आपल्या हातात काय आहे? हक्क आहे, पण दुसऱ्या दुकानाचं नाव फोनवरून आपसूक मिळणार नाही. ते आपणच तयार ठेवायचं.

२. पहिल्या दिवशी

टवका कोरडा ठेवा आणि त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे आत पाणी आणि धूळ जात नाही. थंडीत गरम पाणी ओतू नका, डीफ्रॉस्टर हळूहळू वाढवा. गाडी धुवायला नेऊ नका. टवक्याशेजारी क्वार्टरचं नाणं धरून दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक संपूर्ण काचेचा. तारीख, वेळ, रस्ता फोनमध्ये लिहून ठेवा.

आणि शनिवारची वाट बघू नका. टवका रेझिन भरून अर्ध्या-पाऊण तासात बुजवता येतो. तडा लांबला की अख्खी काच बदलावी लागते.

३. पॉलिसी उघडून दोन आकडे बघा

काचेचं नुकसान बहुतेक वेळा काँप्रिहेन्सिव्ह कव्हरेजमध्ये, म्हणजे टक्कर सोडून इतर कारणांनी आपल्या गाडीचं होणारं नुकसान भरणाऱ्या भागात, येतं. नव्याने आलेले बरेच जण हप्ता वाचवायला फक्त लायबिलिटी घेतात, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान तेवढं भरणारा विमा. तुमचं तसं असेल तर इन्शुरन्सला फोन करून उपयोग नाही, सरळ दुकानांचे रोख भाव विचारा.

काँप्रिहेन्सिव्ह असेल तर पहिला आकडा डिडक्टिबलचा, म्हणजे आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे फुल ग्लास कव्हरेज घेतलंय का. ते असेल तर काचेला डिडक्टिबल लागत नाही. फ्लोरिडामध्ये काँप्रिहेन्सिव्ह असलं की पुढच्या काचेला डिडक्टिबल लावायला कायद्यानेच मनाई आहे. केंटकी आणि साउथ कॅरोलिनातही काचेला डिडक्टिबल लागत नाही. इतर राज्यांत ते पॉलिसीवर अवलंबून. टवका नुसता बुजवायचा असेल तर कित्येक कंपन्या डिडक्टिबल माफ करतात, हे विचारल्याशिवाय सहसा सांगत नाहीत.

आता हिशोब करा. समजा डिडक्टिबल ५०० डॉलर आहे आणि दुकान रोखीत ४२० डॉलरला काच बसवून देतंय. मग क्लेम करून काय मिळणार? काहीच नाही, उलट नोंद मात्र होईल. इथे आपल्याकडच्यासारखा नो क्लेम बोनस नसला तरी क्लेमची नोंद क्लू नावाच्या अहवालात सात वर्षांपर्यंत राहते आणि नवी पॉलिसी देताना कंपन्या तो अहवाल बघतात. म्हणून रोख भाव आधी विचारायचा. तो विचारला की दुकानदाराचा अंदाजही येतो.

४. हाताशी ठेवायचे कागद

- इन्शुरन्स कार्ड आणि पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज (कुठलं कव्हरेज, किती डिडक्टिबल याचा गोषवारा असलेलं पान)
- गाडीचा १७ अंकी-अक्षरी व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक (डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, बाहेरून काचेतून दिसतो)
- गाडीचं रजिस्ट्रेशन आणि ड्रायव्हिंग लायसन्स
- गाडी लीजवर असेल तर लीजचा करार. काही करारांत मूळ कंपनीचीच काच बसवायची अट असते
- काढलेले फोटो आणि टिपण
- काचेच्या वरच्या भागात काय काय आहे त्याची नोंद : कॅमेरा, रेन सेन्सर, गरम होणाऱ्या तारा, काचेवर उमटणारा वेग

शेवटची नोंद माझ्याकडे पहिल्या वेळी नव्हती. एकाच मॉडेलच्या गाडीला चार-पाच प्रकारच्या काचा असू शकतात आणि चुकीची काच मागवली की सगळा दिवस वाया जातो.

५. दुरुस्ती की नवी काच, हे एकाच माणसाला विचारू नका

इथे हितसंबंध दोन्ही बाजूंनी ओढतात. इन्शुरन्स कंपनीला दुरुस्ती स्वस्त पडते, काच बसवणाऱ्याला नव्या काचेत जास्त मिळतं.

बाजारात एक ढोबळ नियम ऐकायला मिळतो : तडा डॉलरच्या नोटेपेक्षा, म्हणजे सुमारे सहा इंचांपेक्षा लांब असेल तर काच बदला. पण काच दुरुस्तीचं जे प्रमाणित मानक आहे, ज्याला रोलॅग्ज म्हणतात, त्यात चौदा इंचांपर्यंतचा तडा दुरुस्त करता येतो असं धरलेलं आहे. या सहा इंचांवरूनच लांब तड्यांसाठी रेझिन बनवणाऱ्या अल्ट्रा बाँड कंपनीने सेफलाइटवर खटला भरला आणि तो वर्षानुवर्षं फेडरल कोर्टात चालला. प्रत्येक लांब तडा बुजवता येतो असं नाही. ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोरचा, काचेच्या कडेपर्यंत पोचलेला, आत घाण गेलेला किंवा आतल्या थरापर्यंत गेलेला तडा असेल तर काच बदललेलीच बरी. पण "सहा इंच झाले, आता बदलायलाच हवी" असं कोणी म्हटलं तर फक्त दुरुस्तीच करणाऱ्या एखाद्या माणसाला फोटो पाठवून विचारा. त्यालाही स्वतःचा धंदा आहेच, म्हणून मी दोघांचं ऐकते आणि दोघांना कारण विचारते. कारण न सांगता नुसता निर्णय सांगणारा मला चालत नाही.

६. दुकान ठरवा

शेजारी, ऑफिसातले लोक, तुमची गाडी नेहमी बघणारा मेकॅनिक यांना विचारा. नव्या-जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला "तुम्ही स्वतः काचेचं काम कोणाला देता?" हा प्रश्न फार उपयोगी ठरतो, त्याला रोज काम करून घ्यायचं असतं, त्यामुळे वाईट काम करणारा त्याच्याकडे टिकत नाही.

मग दोन-तीन दुकानांना फोन करून एवढं विचारा. गोंद म्हणून युरेथेन कुठलं वापरता आणि आजच्या हवेत काच बसल्यावर किती वेळाने गाडी चालवायची? तंत्रज्ञ एजीएससी, म्हणजे ऑटो ग्लास सेफ्टी कौन्सिलचा प्रमाणित आहे का? कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे काच बदलल्यावर तो पुन्हा अचूक जुळवणं, तुम्हीच करता की दुसरीकडे पाठवता? वॉरंटी लेखी देता का? माझ्या इन्शुरन्सचं बिल थेट पाठवता का आणि त्यांनी कमी पैसे दिले तर फरक माझ्याकडून घेणार का?

युरेथेनचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो जिवाशी निगडित आहे. अपघातात पुढची काच जागेवर राहिली तरच छताला आधार मिळतो, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवर आपटून मग माणसाकडे वळते. गोंद पुरता धरला नसेल तर काचच बाहेर जाईल. थंडीत आणि कोरड्या हवेत काही गोंदांना धरायला जास्त वेळ लागतो. म्हणून "झालं, जा घेऊन" म्हणणाऱ्यापेक्षा "अजून दोन तास थांबा" म्हणणारा दुकानदार मला आवडतो. कनेटिकटमध्ये हे काम करायला राज्याचा परवाना लागतो आणि तो कन्झ्युमर प्रोटेक्शन विभागाच्या साइटवर तपासता येतो. सगळ्या राज्यांत अशी सोय नाही.

७. आता फोन

दुकानाचं नाव, पत्ता आणि नंबर समोर लिहूनच फोन लावा. शक्य असेल तर दुकानातूनच लावा. बरेच दुकानदार तुम्हाला लाइनवर ठेवून तिघांचा कॉल करतात आणि तुम्ही अडलात तर सावरून घेतात. आपल्याला नवा उच्चार, नवे शब्द, त्यात समोरचा भराभर बोलणारा. सोबत कोणी असलं की धीर येतो.

पहिला प्रश्न तुमचा असू द्या : "आर यू विथ माय इन्शुरन्स कंपनी, ऑर विथ द ग्लास अ‍ॅडमिनिस्ट्रेटर?" उद्धटपणे नाही, सहज. उत्तर मिळतं आणि समोरच्यालाही कळतं की या बाईंना फरक माहीत आहे. कॉल घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा. मग लगेच, त्यांनी काही सुचवायच्या आत, सांगून टाका : "आय हॅव ऑलरेडी चोझन माय शॉप."

यानंतर बहुतेक वेळा काम सरळ होतं. कधी काही वाक्यं ऐकू येतात. ती खोटी नसतात, पण नवख्या माणसाच्या कानाला ती नकारासारखी वाटतात.

"ते दुकान आमच्या नेटवर्कमध्ये नाही." याचा अर्थ एवढाच की त्या दुकानाशी आधी दर ठरलेला नाही. तिथे जायला बंदी आहे, असा नाही. कनेटिकटसारखंच न्यूयॉर्कमध्ये इन्शुरन्स कायद्याचं कलम २६१० आणि टेक्सासमध्ये तिथला इन्शुरन्स कोड, हे दोन्ही अमुकच दुकानात जा अशी सक्ती करू देत नाहीत. विचारा : "मग तुम्ही किती रक्कम देणार आणि फरक मला भरावा लागेल का?" काचांच्या किमतींची नॅग्ज नावाची यादी या धंद्यात सगळे वापरतात. त्यावर किती टक्के सूट धरायची, यावर दुकान आणि इन्शुरन्स यांची ओढाताण चालते. तुम्हाला त्या टक्क्यांत पडायची गरज नाही. "फरक माझ्यावर येणार नाही" हे दुकानदाराकडून लेखी घ्या, म्हणजे झालं.

"त्यांच्या कामाची हमी आम्ही देत नाही." बरोबरच आहे, हमी ते दुकान देतं. म्हणून तर वॉरंटी लेखी मागितली.

"आमच्याकडे उद्या सकाळचीच वेळ आहे, ठेवू का?" माझा घात इथे झाला होता. घाईत "येस" म्हटलं की वेळ नोंदली जाते, आणि मग आपल्याला वाटतं आता बदलता येणार नाही. बदलता येते. काम सुरू होईपर्यंत कधीही फोन करून रद्द करा आणि रेफरल दुसऱ्या दुकानाच्या नावावर करून घ्या.

फोन संपवण्याआधी रेफरल नंबर, मंजूर झालेलं काम (दुरुस्ती की बदल, कॅलिब्रेशनसह की त्याशिवाय) आणि तुमच्याकडून येणारी रक्कम वाचून दाखवायला सांगा.

दुसऱ्या वेळी मी हे सगळं केलं तेव्हा कॉल बारा मिनिटं चालला. दोनदा विचारलं गेलं की दुकान नक्की ठरलंय का. दोन्ही वेळा हो म्हटलं. बस.

८. काच आणि कॅमेरा

गाडी बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का असलेल्या काचेला ओईएम म्हणतात, तिच्या जोडीची पण शिक्का नसलेली आफ्टरमार्केट. इन्शुरन्स साधारणपणे दुसरीचेच पैसे देते, पॉलिसीत ओईएमची वेगळी तरतूद असेल तरच पहिलीचे. प्रत्येक आफ्टरमार्केट काच वाईट नसते. पण कॅमेरा असलेल्या गाड्यांना आमचीच काच बसवा असं होंडासारख्या कंपन्या लेखी सांगतात, तो कागद दाखवून ओईएम मागून बघायला हरकत नाही.

कॅमेरा काचेमागे बसवलेला असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन लागतंच असं धरून चाला. गाडीनुसार ते दुकानात समोर खुणांचे फलक उभे करून होतं, किंवा रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवून, काहींना दोन्ही लागतं. दिवा पेटला नाही म्हणजे कॅमेरा बरोबर बघतोय असं नसतं. तो थोडा तिरका बघत असेल तर ब्रेक चुकीच्या क्षणी लागू शकतो. हे काम शेकडो डॉलरचं आहे, म्हणून इथे दोन्ही टोकाचे प्रकार होतात : पैसे वाचवायला ते गाळलं जातं, किंवा न करताच बिलात लागतं. काम झाल्याचा छापील रिपोर्ट मागा, त्यावर तारीख आणि व्हिन असतो.

९. पार्किंगमध्ये भेटणाऱ्या गोड माणसापासून जपा

इथवर वाचून वाटेल की सगळा दोष मोठ्या कंपन्यांचा आणि छोटे दुकानदार बिचारे. तसं नाही. माझा मावसभाऊ टँपाला असतो. २०२१ मध्ये गाडी धुवायला गेला असताना एक माणूस टॅब्लेट घेऊन आला. "तुमच्या काचेला टवका दिसतोय, नवी काच फुकट बसवून देतो, वर गिफ्ट कार्ड." फ्लोरिडात डिडक्टिबल नाही, त्यामुळे फुकट हे खरंच होतं. भावाने बोटाने सही केली. काही महिन्यांनी त्याला कळलं की त्या सहीने त्याने क्लेमचे सगळे हक्क दुकानाला लिहून दिले होते. त्याला असाइनमेंट ऑफ बेनिफिट्स म्हणतात. दुकानाने भरमसाट बिल लावलं, इन्शुरन्सने कमी दिलं, आणि दुकानाने फरकासाठी इन्शुरन्सवर दावा ठोकला. भावाला यातलं काहीच विचारलं गेलं नाही.

असे हजारो दावे झाल्यावर फ्लोरिडाने २०२३ मध्ये कायदा केला : नव्या पॉलिसींवर काचेसाठी असं हक्क लिहून देणं बंद, आणि क्लेम करायला लावण्यासाठी गिफ्ट कार्ड, रोख, सूट देणंही बंद. सगळ्या राज्यांत असा कायदा नाही. तुमच्या राज्यात कोणी पुढे केलं तर टॅब्लेटवर सही करू नका. अख्खा मजकूर कागदावर किंवा ईमेलवर मागा आणि त्यात "असाइन" हा शब्द शोधा. दुकानाला थेट पैसे मिळावेत एवढीच परवानगी देणं वेगळं आणि दावा करायचा हक्क सोडून देणं वेगळं.

"तुमचं डिडक्टिबल आम्ही सोसतो" हेही असंच एक गोड वाक्य. ती रक्कम कुठल्या तरी बिलात फुगवून भरून काढली जाते, आणि क्लेम तुमच्या नावावर असतो. नुकसान कधी, कसं झालं याबद्दल दुकानदाराने सुचवलेली तारीख सांगू नका. व्हिसावर असलेल्या माणसाने तर खोट्या क्लेमच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

१०. काम झाल्यावर, गाडी हलवायच्या आधी

नव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात कोरलेला डीओटी नंबर (काच बनवणाऱ्याची ओळख सांगणारा सरकारी क्रमांक) बघा, फोटो काढा. पावतीवर काचेचा पार्ट नंबर, युरेथेनचा लॉट नंबर, गाडी चालवायला सुरक्षित वेळ आणि वॉरंटी हवी. कडेची पट्टी कुठे उचललेली नाही ना, आत डॅशबोर्डवर ओरखडे नाहीत ना, वायपर, रेन सेन्सर चालतोय ना, हे बघा. पहिले दोन दिवस दार जोरात आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, गाडी धुण्याच्या मशीनमध्ये नेऊ नका. मग हायवेवर एक चक्कर मारा. शिट्टी वाजली किंवा पहिल्या पावसात पाणी आलं तर लगेच लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

इन्शुरन्सच्या खात्यात जाऊन किती रक्कम दिली गेली आणि कशासाठी, तेही बघा. दुरुस्ती झाली असताना नव्या काचेचे पैसे गेलेले दिसले तर ती तुमच्या नावावरची चुकीची नोंद आहे.

११. तक्रार करायची वेळ आली तर

तुमचं म्हणणं न ऐकता दुकान लादलं गेलं, निवडीचा हक्क सांगितला गेला नाही, किंवा मंजूर केलेली रक्कम नंतर नाकारली, तर तक्रार राज्याच्या इन्शुरन्स विभागाकडे जाते. आमच्याकडे कनेटिकट इन्शुरन्स डिपार्टमेंट, न्यू जर्सीत डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्स, न्यूयॉर्कमध्ये डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेस, टेक्सासमध्ये टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स (टीडीआय). ऑनलाइन फॉर्म असतो, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, नागरिक असायची अट नाही. तक्रार इन्शुरन्स कंपनीच्या नावाने करा, कारण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तिच्या वतीने काम करतो. त्याचं नाव मजकुरात लिहा. काम वाईट झालं असेल तर तो प्रश्न दुकानाचा : कनेटिकटमध्ये त्यासाठी परवाना देणारा कन्झ्युमर प्रोटेक्शन विभाग आहे.

विभाग ती तक्रार कंपनीकडे पाठवतो आणि कंपनीकडून उत्तर मागतो. म्हणून मजकूर छोटा आणि क्रमवार ठेवा : कुठल्या तारखेला किती वाजता कॉल केला, कोणाशी बोललात, रेफरल नंबर काय, तुम्ही कुठलं दुकान सांगितलं, पुढे काय झालं, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, काच पुन्हा बसवून की फरकाची रक्कम. फोटो आणि पावती जोडा. कॉल रेकॉर्ड केला जातो असं सुरुवातीला ऐकवलं गेलं असेल, तर ते रेकॉर्डिंग जपून ठेवावं आणि ऐकून तपासावं, अशी मागणी त्याच अर्जात लिहा.